हा, हा दात!

वाचकांचे प्रश्न, दातांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, मी कर्वेनगरला राहते, वय ६६. मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी मुलीकडे जपानला, नागोयाला जाणार आहे. माझ्या वरच्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल चार वर्षांपूर्वी झालं, पण कॅप बसवायची राहून गेली. हल्ली त्या बाजूनं चावलं की मधूनच कळ येते. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, 'घाई नाही, आल्यावर बघू.' मुलीच्या घरापासून पाच मिनिटांवर दातांचा दवाखाना आहे, पण त्या डॉक्टरांना इंग्रजी येत नाही आणि मुलीचं जपानी भाजी-दुधापुरतंच. सात वर्षांची नात मात्र तिथल्या शाळेत जाते, फडाफडा बोलते. ती म्हणते, 'आजी, मी येते, मी सांगेन डॉक्टरांना.' मला बीपीची गोळी, रक्त पातळ राहायची गोळी आणि आठवड्यातून एकदा हाडांची गोळी चालू आहे. परक्या मुलखात, भाषा येत नसताना तोंड उघडून बसायची मला फार भीती वाटते. लवंगाचं तेल लावून तीन महिने काढता येतील का? — एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. लवंगाच्या तेलावर तीन महिने काढू नका, आणि 'आल्यावर बघू' हेही मला पटलेलं नाही.

रूट कॅनल केलेली, कॅप नसलेली दाढ बाहेरून शाबूत दिसते, पण तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात. त्यात ती पहिली मोठी दाढ, म्हणजे चावण्याचा सगळ्यांत जास्त भार तिच्यावर. एखाद्या दिवशी भाजलेल्या शेंगदाण्यावर किंवा सुपारीच्या खांडावर दाब आला की उभी चीर जाते. ती मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही. चावल्यावर कळ येते याचा अर्थ एक तर चीर पडायला लागली आहे, नाही तर मुळाच्या टोकाशी पुन्हा जंतुसंसर्ग आहे. दोन्हींचा निकाल तपासणीनं आणि त्या एका दाढेच्या छोट्या एक्स-रेनं बराचसा लागतो. याच आठवड्यात तो काढून घ्या. दाढ धड असेल तर माप देऊन कॅप बसायला दोन खेपा आणि साधारण आठ-दहा दिवस लागतात. मार्चच्या आत हे आरामात होतं. अर्धवट काम घेऊन मात्र विमानात बसू नका. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, आणि दातात कुठे हवा किंवा पू अडकलेला असेल तर तिथे असा ठणका लागतो की उरलेला प्रवास नकोसा होतो.

आता भीतीचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ती खुर्ची मला ठाऊक आहे. खुर्चीच्या मागे उभी राहून ठाऊक आहे आणि खुर्चीत आडवी पडूनही.

टिळक रोडवर मी १९८८ साली दवाखाना सुरू केला. २०१९च्या नोव्हेंबरात मुलाकडे ओकायामाला गेले होते. सिंहगड रोडवरची आपली पु. ल. देशपांडे उद्यानातली पुणे-ओकायामा मैत्रीची बाग ज्या कोराकुएन बागेवरून बेतली, ती बाग त्याच गावात. तिथे पोचल्यावर चौथ्याच दिवशी, मीच नेलेली चिक्की खाताना माझ्या खालच्या डाव्या दाढेत पंचवीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी निखळली, आणि तिच्याबरोबर दाढेचा एक कोपराही गेला. संध्याकाळपर्यंत गार पाण्याचा घोट घेता येईना. मुलगा ऑफिसच्या कामाला ओसाकाला गेलेला. रात्री त्यानं फोनवर धीर दिला आणि गल्लीतल्या दवाखान्याची वेळ सकाळी दहाची घेऊन दिली. मी एकटीच गेले.

दुमजली घर, वर डॉक्टरांचं बिऱ्हाड, खाली दवाखाना. दारातच चपला काढून सपाता घालायच्या. आत पाऊल टाकलं आणि लवंगेचा वास आला. दात भरताना वापरायच्या एका जुन्या सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं, त्याचा हा वास. एकतीस वर्षं रोज सकाळी शटर वर केलं की हाच वास माझ्या अंगावर आला आहे. पाटीवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या वासानं माझे खांदे सैल झाले. ताई, तुम्हालाही तो वास तिथे भेटेल. ओळख ठेवा.

काउंटरवरच्या बाईंनी एक कागद दिला. नव्या पेशंटनं भरायचा प्रश्नांचा तक्ता, तिकडे त्याला 'मोनशिनह्यो' म्हणतात. सगळं जपानीत, पण खाली बत्तीस दातांचं चित्र होतं. त्यात मी माझ्या दाढेला गोल केला. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. मी तोंड उघडलं, बोट दाढेवर ठेवलं आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आपली भाषाच येते तशी मराठीच आली, 'हा, हा दात.' डॉक्टर म्हणाले, 'हाय, हा,' आणि आरसा घेऊन नेमके त्याच दाढेकडे वळले. मला वाटलं बोटावरून कळलं असेल. मुलगा परत आल्यावर त्यानं सांगितलं, जपानीत दाताला 'हा' म्हणतात.

त्या रात्री मी मुलाला बसवून घेतलं आणि दुखण्याचे शब्द वहीत लिहून काढले. किडलेल्या दाताला ते 'मुशिबा' म्हणतात. मुशी म्हणजे किडा आणि बा म्हणजे दातच. आपल्या आजीनं 'दाढेला कीड लागली' म्हणावं, अगदी तेच! दातात किडा नसतो, असतात ते जंतू आणि त्यांनी साखरेपासून केलेलं आम्ल, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना माहीत आहे. शब्द मात्र दोन्ही भाषांनी जुनाच जपलाय. आपण 'ठसठसतंय' म्हणतो, ते 'झुकीझुकी' म्हणतात. आपला दात डुगडुगतो, त्यांचा 'गुरागुरा' हलतो. गार लागून सणक जाते त्याला 'शिमिरु'. हे चार शब्द नातीकडून घोटून घ्या, कारण डॉक्टरला निदानासाठी तुमच्याकडून बरंचसं हेच हवं असतं. गार लागून क्षणात जाणारी सणक म्हणजे दात बहुधा वाचणारा आहे. रात्री आपोआप सुरू होऊन तासन्‌तास चालणारी ठसठस म्हणजे आतली नस सुजली आहे. चावल्यावरची कळ म्हणजे चीर किंवा मुळाशी संसर्ग. तुमच्यासाठी हेच वाक्य महत्त्वाचं, 'कामु तो इताई', चावलं की दुखतं. दात हलत असेल तर हिरडी आणि हाड बघावं लागतं. उरलेली गोष्ट डॉक्टर आरशानं, टोकदार सळईनं आणि एक्स-रेनं स्वतः काढतो. तोंड सगळ्या देशांत सारखंच असतं, ताई. माझ्या दाढेचा एक्स-रे पडद्यावर आला तेव्हा ते डॉक्टर आणि मी एकाच वेळी एकाच काळ्या डागाकडे बोट केलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, स्वतःच्या छातीला हात लावला आणि भुवया उंचावल्या : तुम्हीपण? मी हात जोडले.

मग त्यांनी माझ्या डोळ्यांवर एक छोटा टॉवेल घातला. तिकडे बऱ्याच दवाखान्यांत ही पद्धत आहे, दिव्याचा झोत आणि पाण्याचे शिंतोडे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. टॉवेल पडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. भाषा आधीच नव्हती, आता चेहराही दिसेना. हातवारे नाहीत, डोळे नाहीत, तोंडात दोन हात आणि पाण्याची नळी. एवढ्यात डॉक्टर हळू आवाजात काहीतरी म्हणाले आणि सिस्टरनं माझा डावा हात मनगटाला धरून अलगद वर केला, पुन्हा खाली ठेवला. परत एकदा वर, परत खाली. कळलं. दुखलं तर डावा हात वर. उजवा नाही, कारण उजवीकडे डॉक्टर बसलेले असतात आणि हात त्यांच्या अवजाराला लागेल. मशीन सुरू झालं. थोड्या वेळानं खोलवर सणक गेली आणि मी हात वर केला. मशीन त्याच क्षणी थांबलं. मग आणखी थोडी भूल, दोन मिनिटं शांतता, पुन्हा सुरू. मी नंतर एकदा मुद्दाम, फारसं दुखत नसताना हात वर करून पाहिला. तेव्हाही थांबलं. तिथून पुढे मला भीती वाटली नाही. खुर्चीत बसल्यावर हा डावा हात आधी ठरवून घ्या, त्यांनी सांगितलं नाही तरी तुम्ही स्वतः हात वर करून दाखवा. पुण्यातही हेच करा.

सावध राहायला हवं ते मान हलवण्यापाशी. मला कळकळीनं सांगायचंय ते हेच, म्हणून थोडं लांबवते.

१९९०च्या दशकात माझ्याकडे परदेशी विद्यार्थी बरेच यायचे. इराणचे, येमेनचे, सुदानचे. पुण्यातल्या कॉलेजांत शिकणारे, खोली घेऊन राहणारे. इराणी मुलांचं सोपं होतं. एक जण गालाला हात लावून 'दंदान, दर्द' म्हणाला आणि दुभाष्या लागलाच नाही. संस्कृतातला दंत आणि फारसीतला दंदान एकाच घरचे. पण येमेनचा एक मुलगा होता, विशीचा, अतिशय अदबीचा. अक्कलदाढ काढायची होती. मी हिंदी-इंग्रजी मिसळून विचारलं, 'खाना खाया है ना?' त्यानं हसून मान हलवली. औषधांची ॲलर्जी? मान हलवली. मी इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांत तो पांढराफटक पडला, शुद्ध गेली. खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, मिनिटाभरात डोळे उघडले. पूर्ण भानावर आल्यावर ग्लुकोजचं पाणी पाजलं. ते तो प्यायला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रमजान चालू होता. त्याचा रोजा होता, आणि तो माझ्या खुर्चीत मोडला. त्यानं पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं, आणि माझ्या प्रश्नाला मान हलवली होती ती फक्त डॉक्टरांचा मान राखायला. चूक माझी होती. ज्याचं उत्तर मान हलवून देता येतं असा प्रश्न मी भाषा न येणाऱ्या माणसाला विचारला होता. त्या दिवसानंतर मी घड्याळ दाखवून विचारते, 'शेवटचं किती वाजता खाल्लं?' आकडा आला तरच पुढे जाते.

तुम्ही खुर्चीत असाल तेव्हा हीच गोष्ट उलटी लागू होते. जपानी माणसं समोरच्याचं ऐकताना सारखी मान हलवतात, 'हाय, हाय' म्हणतात. त्याचा अर्थ पुष्कळदा 'ऐकतोय' एवढाच असतो. आपण मराठी माणसं मान तिरकी डोलवतो, ती तर तिकडे कुणाला उलगडत नाही. आणि दुखल्यावर तुमच्या तोंडून 'हाय हाय' निघालं तर त्यांना ऐकू येईल 'हो हो'! तेव्हा दुखलं की हात, आणि कळलं नाही की एकच शब्द : 'वाकारीमासेन', मला समजलं नाही. न लाजता म्हणा, दहा वेळा म्हणा. संकोचानं मान हलवली आणि त्यांनी ती दाढ काढायची परवानगी समजली, तर गेलेली दाढ कुणी परत बसवून देणार नाही.

म्हणूनच नातीला दुभाषी करू नका. तिची माया मला कळते, पण सात वर्षांच्या मुलीला 'जबड्याचं हाड', 'रक्तस्राव', 'चीर गेली आहे' हे शब्द ना जपानीत येत असणार ना मराठीत. न कळलेलं ती अंदाजानं भरून काढेल, आणि आजीला भीती वाटेल असं वाटलं तर गाळून टाकेल. उद्या काही बिघडलं तर त्याचं ओझं त्या पोरीच्या मनावर राहील. ते तिच्यावर टाकायचा आपल्याला हक्क नाही. तिच्याकडून घरी बसून वाक्यं शिका, उच्चार तपासून घ्या, तिला ते शिकवायला खूप आवडेल. दवाखान्यात मात्र मुलीनं किंवा जावयानं अर्ध्या दिवसाची रजा काढून यावं. तेही जमलं नाही तर फोनवरचं भाषांतराचं ॲप चालतं, फक्त त्यात मराठी म्हणी-वाक्प्रचार घालू नका. 'दात आंबले' किंवा 'ठणका लागलाय' लिहिलंत तर भलतंच निघेल. 'गार पाणी प्यायलं की दात दुखतो', 'रात्री जास्त दुखतं', अशी छोटी सरळ वाक्यं लिहा आणि आलेलं जपानी पुन्हा मराठीत उलटवून बघा. कानागावा इंटरनॅशनल फाउंडेशननं तयार केलेले, दवाखान्यात भरायचे प्रश्नतक्ते इंटरनेटवर अनेक भाषांत मिळतात, त्यात दातांचा वेगळा तक्ता आहे. इंग्रजी आणि जपानी शेजारी-शेजारी छापलेलं असतं, आपण खूण करायची. मुलीला तो आधीच काढून ठेवायला सांगा.

आता तुमच्या दाढेसाठी तीन वाक्यं. 'क्यो वा ओक्यू शोची दाके ओनेगाई शिमास' म्हणजे आज फक्त तात्पुरते उपचार करा. 'नुकानाइदे कुदासाई' म्हणजे दाढ काढू नका. आणि 'वाकारीमासेन' तर झालंच. पहिलं वाक्य का, तर तिकडे शेजारपाजारचे दवाखाने एकेका बैठकीत थोडं-थोडं काम करतात, एका दाढेला पाच-सहा खेपाही होतात. तुमचे तीन महिने त्यात जातील आणि काम अर्धवट राहील. दुखणं थांबवून, बंद करून घ्या, बाकीचं पुण्यात. माझंही त्या डॉक्टरांनी तसंच केलं. दाढ साफ करून भरली, कागदावर तिचं चित्र काढलं, जो भाग उरला होता तो रेघांनी भरला आणि वर जपानी कॅलेंडरच्या पानावर सहा महिन्यांनंतरच्या महिन्याला गोल केला. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

जाण्याआधी एक कागद तुम्ही तयार करा. त्यावर तुमच्या दाढेचा एक्स-रे, आणि दाढेचं चित्र काढून तिला गोल. नुसता नंबर लिहू नका. आपल्याकडे आणि बहुतेक जगात तुमच्या या दाढेला १६ म्हणतात, म्हणजे पहिला चतुर्थांश, सहावा दात. अमेरिकेत तीच दाढ ३ नंबरची, आणि तिथे १६ म्हटलं तर वरची डावी अक्कलदाढ होते! जपानी डॉक्टर 'मिगी उए रोकु' म्हणतील : उजवी, वर, सहा. चित्र आणि गोल सगळ्यांना कळतो.

खाली औषधं लिहा, पण दुकानातल्या नावानं नाही. आपली ब्रँडची नावं तिकडे कुणाला माहीत नसतात. पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, जे असेल ते, मिलिग्रॅमसकट इंग्रजीत उतरवून घ्या. पॅरासिटामॉलला जपानमध्ये ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि आपण ज्याला लिग्नोकेन म्हणतो ती भूल म्हणजे त्यांचं लिडोकेन, औषध तेच. रक्त पातळ राहायची गोळी दातासाठी स्वतःच्या मनानं बंद करू नका, नुसती डॉक्टरांना सांगा. तुमच्या यादीत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हाडांची आठवड्याची गोळी. ती बहुधा ॲलेंड्रोनेट किंवा त्याच जातीची असेल. ती घेणाऱ्या काही जणांना दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. प्रमाण कमी आहे, पण झालं तर फार त्रासदायक असतं. पेशंट बायका ती गोळी सांगायला हमखास विसरतात, 'ती हाडांची आहे, दाताशी काय संबंध' असं वाटून. तिच्याखाली दोन रेघा मारा. पेनिसिलिनची किंवा आणखी कशाची ॲलर्जी असेल तर ती लाल शाईनं, सगळ्यांत वर.

आणखी एक, जे तुमच्या ट्रॅव्हल एजंटनं कदाचित सांगितलं नसेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं जपानमध्ये स्वतःसाठी एक महिन्याची नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर 'युन्यू काकुनिनशो' नावाचा दाखला आधी काढावा लागतो. तीन महिन्यांच्या गोळ्या नेणार असाल तर मुलीला आत्ताच त्याच्या मागे लागायला सांगा. आणि कोडीन असलेली खोकल्याची बाटली पिशवीत टाकू नका, त्यावर तिकडे कडक नियम आहेत.

पैशांचं थोडक्यात : तिथे राहणाऱ्यांना विम्यामुळे साधारण ३० टक्केच भरावे लागतात, पण तुम्ही पाहुण्या, तुम्हाला पूर्ण. प्रवासाच्या विम्यात बहुतेक वेळा फक्त अचानक उद्भवलेल्या दुखण्याचे तात्पुरते उपचार धरलेले असतात, आधीपासूनचं नाही. पॉलिसीतलं ते कलम वाचा आणि पावती, म्हणजे 'र्योशूशो', मागून घ्या. वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि बरेच दवाखाने गुरुवारी बंद असतात. गाल सुजून सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चालली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर गल्लीतल्या दवाखान्याची वाट न पाहता ११९ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

लवंगाचं तेल न्या, मी नको म्हणत नाही. रात्री दुखलं तर सकाळपर्यंत आधार म्हणून, कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, दाढेवर. हिरडीवर ओतू नका, भाजते. आणि ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेत भरायची आपल्याकडची जुनी खोड कृपा करून करू नका. त्यानं हिरडी पांढरी पडून सोलते, मी असे गाल कितीतरी पाहिलेत.

ओकायामाच्या त्या दवाखान्यात भिंतीवर एक पोस्टर होतं, हसणाऱ्या आजी-आजोबांचं, वर मोठे आकडे : ८०२०. जपानमध्ये १९८९पासून ही मोहीम चालू आहे, ८०व्या वर्षी स्वतःचे २० दात तोंडात असावेत. ताई, तुम्ही ६६च्या आहात आणि तुमच्या पत्रात दाढ वाचवायची धडपड दिसते. एक्स-रे काढला की त्याची एक प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी बघून लगेच कळवते.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत आखेन इथे एम.एस. करतो. आठ दिवस त्याची दाढ दुखते आहे, पण खर्च आणि जर्मन भाषा या दोन्हींच्या धास्तीनं तो डॉक्टरकडे जात नाही. इथून अँटिबायोटिक कुरिअरनं पाठवू का? — एक वडील, हडपसर

उत्तर : पाठवू नका. औषधं अशी कुरिअरनं पाठवणं तिकडच्या नियमांत बसत नाही, आणि नस सुजून दाढ दुखत असेल तर अँटिबायोटिकनं ते दुखणं जातही नाही. आत साफ करावंच लागतं. तो विद्यार्थी म्हणून तिथल्या सरकारी पद्धतीच्या आरोग्यविम्यात असेल तर तपासणी, एक्स-रे आणि साधं फिलिंग त्यात धरलेलं असतं. विम्याचं कार्ड घेऊन जायचं, बस. कॅप किंवा ब्रिजची वेळ आली तर डॉक्टर आधी 'हाइल उंट कोस्टेनप्लान' म्हणजे उपचारांचा आणि खर्चाचा लेखी आराखडा देतात, तो पाहून ठरवता येतं. तेव्हा खर्चाची धास्ती घरी बसून वाढवण्यापेक्षा कागदावर आकडा बघितलेला बरा. भाषेचं म्हणाल तर विद्यापीठाच्या गावात इंग्रजी बोलणारे दंतवैद्य बरेच मिळतात. नाही मिळाला तर 'त्सानश्मेर्त्सन' म्हणजे दातदुखी एवढा एक शब्द आणि बोट पुरेल. एक्स-रेला ते 'रोंटगेन' म्हणतात, १८९५ साली त्यांच्याच वुर्झबुर्ग गावात ते किरण शोधणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावानं. रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दातांची 'नोटडीन्स्ट' म्हणजे तातडीची सेवा असते.

आज रात्री त्याला फोन करून एवढंच विचारा : गार लागतं की गरम? चहानं ठणका वाढत असेल आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरून बरं वाटत असेल, तर उद्या लेक्चर बुडवून सकाळीच जायला सांगा.